कधीच न भरलेली टाकी

मॅटी ग्रीलीच्या घरची संडासाची टाकी चाळीस वर्षांत एकदाही भरली नव्हती, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. किलम्यूरन या आमच्या आयरिश खेड्यात कुणाकडे मैला उपसणारा टँकर आला की मॅटी कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. "किती वर्षांनी भरली?" असं विचारायचा. समोरचा 'पाच' म्हणाला की च्‌च्‌ करायचा आणि मग त्याचं पुराण सुरू व्हायचं. टाकी त्याच्या बापाने स्वतःच्या हाताने कशी बांधली, तेव्हाचं सिमेंट कसं अस्सल होतं, आणि शेवटी ठरलेलं पालुपद: "झाकणसुद्धा उघडलेलं नाही अजून!"

त्याची मुलगी डर्वला हे पुराण ऐकतच मोठी झाली. गॉलवेच्या विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला पोचली, तरी तिच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. त्यामुळे सांडपाण्याच्या तासाला प्राध्यापिका फिडेल्मा हेशनने, "कुणाकुणाच्या घरी टाकी आहे? शेवटची कधी उपसली?" असं विचारलं, तेव्हा तिने ऐटीत हात वर केला.

"आमची कधीच नाही उपसली. चाळीस वर्षं झाली, भरलीच नाही."

सगळा वर्ग खो खो हसला. फिडेल्मा तेवढी हसली नाही. चष्मा पुसत म्हणाली, "जी कधी भरत नाही तिला टाकी म्हणत नाहीत, डर्वला. तिला भोक म्हणतात."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. डर्वला शहाणी होती, पण ग्रीलीही होती. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प याच टाकीवर करायचा आणि बापाची टाकी निर्दोष आहे हे वर्गाला दाखवून द्यायचं. रीत सोपी होती. एक तांबूस भुकटी असते, निरुपद्रवी. चमचाभर टाकली की पाणी हिरवं होतं, असं हिरवं की तसं दुसरं कुठे बघायला मिळत नाही. ती संडासात ओतायची आणि गावात पाणी कुठे हिरवं होतं यावर नजर ठेवायची. आमच्याकडे जमिनीखाली सगळी चुनखडी. चुनखडी म्हणजे चाळणच. पाणी इथे शिरतं आणि डोंगराच्या पलीकडे निघतं. हे डर्वला परीक्षेत पानंच्या पानं लिहायची. फक्त आपलं घरही त्याच चाळणीवर उभं आहे, एवढं तिच्या मनाने कधी घेतलं नव्हतं.

खरं तर त्या वर्षी घरात दुसरीच काळजी होती. डर्वला शिकायला गॉलवेत भावाकडे राहायची. भाऊ कॉलम उत्तर समुद्रात पवनचक्क्यांच्या कामावर. तीन आठवडे दर्यावर, तीन आठवडे घरी. घरात त्याची बायको ईमर आणि पाच महिन्यांचा रोनन. या रोननला मेमध्ये जुलाब लागले ते थांबेचनात. इस्पितळात आठ दिवस काढले, बरा होऊन आला, आणि जूनमध्ये पुन्हा तेच. पोटात एक जंतू सापडला होता.

"हा घाणीतून येतो," डॉक्टर म्हणाली. "बाळ कुठलं पाणी पितं?"

"नळाचं," ईमर म्हणाली. "तेही उकळून."

"डॉक्टर, मी पाण्याचंच शिकते," डर्वला मध्येच म्हणाली. "मी तपासते ते."

तिने तपासलं. स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना प्रयोगशाळेत नेला, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा जंतू शून्य. ईमरने दुधाच्या बाटल्या बदलल्या, खेळणी टाकून दिली, मांजर शेजाऱ्यांना दिलं. डॉक्टरने दुसऱ्या खेपेला घरी सोडताना सांगितलं होतं, "आता पुन्हा झालं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. घाबरवत नाहीये, सांगून ठेवतेय." तेव्हापासून ईमर रात्री उठून उठून बाळाचे लंगोट हुंगत बसायची.

गावाकडून मदत यायची ती डेलिया आत्याची. मॅटीची ही थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. कॉलम-डर्वलाची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच दोघांना वाढवलं. सुट्टीला गावी आलेली डर्वला दर रविवारी संध्याकाळी परतीच्या बसमध्ये बसताना आत्याचं गाठोडं ठरलेलं: इस्त्री केलेले कपडे, घरचा काळा पाव, डझनभर अंडी आणि गावाची रक्षणकर्ती संत, सेंट म्यूरन, हिच्या पवित्र विहिरीच्या पाण्याची बाटली. बाटली प्लॅस्टिकची, मदर मेरीच्या आकाराची. तिचा निळा मुकुट फिरवला की झाकण उघडतं. "ईमरला दे, बाळासाठी," आत्या सांगायची. डर्वला ती नेऊन खिडकीत ठेवायची. पाळण्यावर शिंपडत असतील, असं ती समजून होती.

विहिरीची किल्ली ग्रीलींच्या घराण्याकडे, म्हणजे आत्याकडे. विहीर कसली, टेकडीच्या पलीकडचा दगडी कोनाड्यातला झरा तो, वर लाकडी दार. आत्या रोज पहाटे तिथे चालत जाऊन एक मगभर पाणी प्यायची आणि साठ वर्षांत आपण एकदाही आजारी पडलो नाही असं सगळ्यांना ऐकवायची.

प्रकल्पाचा नकाशा घेऊन डर्वला फिडेल्माकडे गेली. अकरा ठिकाणी तिने खुणा केल्या होत्या: ओढा, तळं, शेजाऱ्यांच्या कूपनलिका. फिडेल्माने टेकडीपलीकडे बोट ठेवलं.

"आणि ही विहीर?"

"ती सेंट म्यूरनची आहे."

"मग?"

"मग काय? पवित्र आहे ती. शिवाय टेकडीपलीकडे आहे, दीड मैल."

"पाण्याला सांगितलंयस का तू हे, ती पवित्र आहे म्हणून?" फिडेल्मा म्हणाली. "तिथेही नमुना घे."

"घेते," डर्वला म्हणाली. आणि घेतला नाही. जत्रा आठवड्यावर आलेली. अशा वेळी सेंटच्या विहिरीत बाटल्या बुडवून बसली असती तर आत्याने तिला घरात घेतलं नसतं. तिने बारावी बाटली बॅगेत टाकली आणि बॅगेतच ठेवली.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी डर्वलाने भुकटी पाण्यात कालवली. मॅटी संडासाच्या दारात हाताची घडी घालून उभा.

"माझ्या संडासात रंग ओतायला शिकवतात होय तुला तिथे? तीन वर्षं?"

"बाजूला व्हा, डॅडी. तुमच्याच टाकीचं नाव राखायला करतेय."

"टाकीचं नाव तिचं तिने राखलंय, चाळीस वर्षं!"

आतून आत्या ओरडली, "हात नीट धू गं! परवा जत्रा आहे. हिरवी बोटं घेऊन विहिरीवर आलीस तर याद राख!"

डर्वलाने ओतलं, साखळी ओढली. दुपारपासून पाऊस लागला तो शनिवारी सकाळपर्यंत. मग ती दिवसभर बूट घालून अकरा ठिकाणं हिंडली. ओढा स्वच्छ. तळं स्वच्छ. एकाही कूपनलिकेत हिरव्याचं नाव नाही. मॅटीला स्वर्ग दोन बोटं उरला.

"तुझ्या त्या बाईला म्हणावं, ये एकदा चहाला. झाकणावर खुर्च्या टाकून बसू!"

डर्वलाही हसली. मनात कुठेतरी खुपत होतं की मग रंग गेला कुठे. पण जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न नको असतात.

रविवारी दुपारी बारा वाजता सगळा गाव विहिरीवर जमला. गाड्यांच्या डिक्क्या उघडलेल्या, त्यात हॅमची सँडविचेस, थर्मासमधला चहा. सातशे वर्षांपासूनची रीत: त्या दिवशी पहाटे दार उघडायचं नाही, बाराला प्रार्थनेनंतरच; मग विहिरीला उजवी घालून सात प्रदक्षिणा, दर फेरीला एक खडा टाकायचा, आणि सातवी झाली की मगभर पाणी प्यायचं. घरात दुखणं असेल त्याने पहिल्यांदा.

ईमर गॉलवेहून गाडी घेऊन आली. तिचा चेहरा बघूनच डर्वला गाडीकडे धावली.

"काय झालं?"

"सकाळपासून दूध ओढत नाहीये. डोळेही उघडत नाही नीट." ईमरने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. "मी इथून सरळ इस्पितळात जाणार आहे. आत्यांनी फोनवर शपथ घातली म्हणून फक्त आले."

"पाच मिनिटं, पोरी, पाच मिनिटं," आत्या म्हणाली. "जत्रेच्या दिवशीचं पाणी आहे. आधी याचे ओठ ओले करू, मग जा कुठे जायचं तिथे."

तिने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. फादर गिलने प्रार्थना म्हटली. दार उघडलं.

आत पाणी हिरवं होतं.

शेवाळाचं हिरवं नव्हे, गवताचंही नव्हे. काळ्या दगडाच्या कोनाड्यात ते आतून दिवा लावल्यासारखं झळकत होतं, आणि वर वाकलेल्या आत्याच्या हनुवटीवर त्याचा उजेड पडला होता.

 मागून कुणीतरी ओरडलं, "अरे देवा! आज लिमरिकच्या संघाशी फायनल, आणि आमचीच सेंट त्यांची हिरवी जर्सी घालून बसली!" काही हसले. बाकीच्यांनी गुडघे टेकले. फोन वर निघाले. एक म्हातारी हुंदके देत जपमाळ ओढू लागली. फादर गिल, "घाई नको, आधी बिशपना कळवू," असं काहीतरी पुटपुटत होते, पण ऐकतंय कोण! आत्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"माझ्या हयातीत दाखवलंस, माझे आई," ती म्हणाली. "याच्यासाठीच दाखवलंस. या लेकरासाठी."

 तो हिरवा डर्वला ओळखत होती. प्रयोगशाळेच्या काचेच्या नळीत, बेसिनवर, परवा स्वतःच्या नखांत तिने तो पाहिला होता. कानात दडे बसल्यासारखं झालं, माणसं तोंडं हलवताना नुसती दिसत होती. आपला संडास. ही विहीर. शुक्रवार, शनिवार, रविवार. तिने दिवस पुन्हा मोजले, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर वेगळे भरतील. देवा, चमत्कार असू दे, असं ती मनापासून म्हणाली. आयुष्यात इतक्या मनापासून तिने कधीच प्रार्थना केली नव्हती. आणि लगेच दुसरा विचार आला, त्याची तिला पुढे कायम लाज वाटली: गप्प बस. मंगळवारपर्यंत रंग ओसरेल. कुणाला कळणार आहे?

आत्याने हातातला मग पाण्यात बुडवला. हिरव्या पाण्यात बोट भिजवलं आणि ते रोननच्या ओठांकडे नेलं.

"आत्या, थांब! ते आपल्या संडासाचं पाणी आहे!"

डर्वला इतक्या मोठ्याने ओरडली की कुंपणावरचे कावळे उडाले. आत्याचं बोट हवेतच राहिलं. त्यावरून एक हिरवा थेंब ओघळून मनगटावर गेला.

"शुद्धीवर आहेस का?" मॅटी पुढे आला. त्याचा चेहरा लालबुंद. "कुठे काय बोलतेस?"

"शुक्रवारी मी रंग टाकला, डॅडी. तुमच्यासमोर टाकला. हाच तो. दुसरं काहीही असं दिसत नाही."

"पण टाकी..." मॅटीने आजूबाजूला बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्या टाकीचं पुराण न ऐकलेला एकही माणूस तिथे नव्हता. "टाकी कधी भरली नाही आपली."

"म्हणूनच, डॅडी. ती इथे रिकामी होत होती."

कुणाच्या तरी हातातला मग दगडावर पडला. एकजण कुंपणापाशी जाऊन ओकू लागला. "माझ्या आईला शेवटचा घोट इथलाच पाजला मी," एक बाई म्हणाली, कुणालाही उद्देशून नाही. मॅटीने टोपी काढली, आणि ती कुठे ठेवावी ते न कळून हातात चुरगळत राहिला. डर्वलाला त्याची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

ईमर मात्र मॅटीकडे बघत नव्हती. विहिरीकडेही नाही.

"डर्वला," ती हळू म्हणाली. "म्हणजे आज रंग आला म्हणून दिसलं. एरवीही हे... असंच होतं?"

"हो. रंग परवाचा. घाण नेहमीचीच."

"ती बाटली."

"कुठली?"

"तू दर रविवारी आणतेस ती. मेरीची."

"ती तर पाळण्यावर शिंपडायला..."

"मी रोज एक चमचा त्याच्या दुधात घालते." ईमरचा आवाज अजिबात चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "दूध निवल्यावर. आत्या म्हणाल्या होत्या, उकळलं तर पाण्याचा गुण जातो. माझा विश्वास नव्हता गं. मला भीती वाटत होती, म्हणून घालत होते."

"आजारी पडल्यावर?"

"आजारी पडल्यावर दोन चमचे."

आत्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तिने हातातला मग दगडावर ठेवला, जपून, जणू त्यातलं पाणी अजूनही सांडायला नको.

"पण डॉक्टरने विचारलं होतं," डर्वला म्हणाली. "कुठलं पाणी म्हणून विचारलं होतं तुला."

"मी पाण्याचं सांगितलं," ईमर म्हणाली. "हे पाणी आहे असं कधी डोक्यातच आलं नाही. तुझ्या तरी आलं का? तू तर नळ तपासलास. दोनदा. बाटली नळाशेजारीच होती."

होती. डर्वलाला ती सकाळ लख्ख आठवली. नळाचं तोंड स्पिरिटने पुसलं होतं, हातात मोजे घातले होते, सगळं पुस्तकात दिल्यासारखं. नमुन्याची बाटली ठेवायला जागा हवी होती, म्हणून तिने मेरीला निळ्या मुकुटाला धरून उचललं आणि बाजूला ठेवलं होतं. आत पाणी हिंदकळलं होतं. तेही तिला आठवलं.

 मॅटी धावत गाडीकडे गेला आणि इंजिन सुरू केलं. ईमर बाळाला घेऊन मागे बसली. आत्या दार लावायला वळली, पण किल्ली तिच्या हातून फिरेना. शेवटी तिने ती तशीच कुलपात सोडली आणि ईमरच्या शेजारी येऊन बसली. तिला कुणी ये म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही.

डर्वला पुढे बसून इस्पितळाचा नंबर फिरवत होती. तिसऱ्यांदा लागला. तीच डॉक्टर होती.

"पुन्हा?" डॉक्टर म्हणाली. "किती वेळापासून? लघवी केली का सकाळपासून?"

"एकदाच. थोडीशी."

"निघालात ना? बरं. ऐका, मी हे मागेही विचारलं होतं, पुन्हा विचारते. नीट आठवून सांगा. बाळ कुठलं पाणी पितं?"

मॅटी समोरच्या रस्त्यावर डोळे लावून गाडी हाकत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"आमच्या संडासाचं, डॉक्टर," डर्वला म्हणाली. "तीन महिने झाले. मीच आणून देत होते."

 डॉक्टर म्हणाली, "या. लगेच या. मी दारात उभी राहते."

डर्वलाने मागे वळून पाहिलं. ईमर डोळे मिटून बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकून बसली होती. आत्याने बाहीतून रुमाल काढला होता आणि ती रोननचे ओठ पुसत होती. त्या दिवशी त्या ओठांना एक थेंबही लागला नव्हता. गॉलवे येईपर्यंत ती पुसतच राहिली.